‘कॅन्सर गायब करणारं इंजेक्शन’: फॉरवर्डमधून काय गळलं?

२०२२च्या जूनपासून एक मेसेज फिरतोय, अजून दमलेला नाही. थोडक्यात असा: ‘अमेरिकेत चमत्कार! डोस्टार्लिमॅब या औषधाने शंभर टक्के रुग्णांचा कॅन्सर सहा महिन्यांत गायब. केमो नको, ऑपरेशन नको. औषध कंपन्या बातमी दाबताहेत.’ पंचाईत ही की यातलं बरंचसं खरं आहे.

‘शंभर टक्के’ म्हणजे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातले पहिले १२ जण. आकडा लहान म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. २०२५ साली त्याच चमूने पुढचे निकाल मांडले, तेव्हा गुदाशयाच्या कॅन्सरचे ४९ रुग्ण उपचार पूर्ण करून बसले होते आणि ४९ही जणांच्या तपासणीत गाठ उरलेली नव्हती.

खरी मेख ‘कॅन्सर’ या शब्दात आहे. आजार दूरवर न पसरलेले, शिवाय एका विशिष्ट दोषाच्या गाठी असलेलेच रुग्ण यात घेतले होते. पेशीचं विभाजन होताना डीएनएची नक्कल करण्यात चुका होतात आणि काही प्रथिनं त्या दुरुस्त करतात. ती निकामी झाली की चुकांचा ढीग साचतो आणि गाठ शरीराला परकी दिसू लागते. तरी ती वाचते, कारण पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून ती प्रतिकारशक्तीला थोपवते. डोस्टार्लिमॅब हा ब्रेक सोडवतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असा दोष शंभरातल्या पाच-दहा जणांतच सापडतो. बाकीच्यांच्या गाठी या एकट्या इंजेक्शनाला सहसा दाद देत नाहीत. दोष तोच, पण गाठ दुसऱ्या अवयवात, अशा ५४ जणांनी उपचार पूर्ण केले. त्यांतल्या ३५ जणांची गाठ पूर्ण गेली. हेही उत्तमच, पण शंभर टक्के नव्हे.

आपला रुग्ण यात बसतो का, हे बायोप्सीच्या आयएचसी रिपोर्टवरून (गाठीच्या पेशींतली प्रथिनं तपासणारी चाचणी) कळतं. त्यात चुका दुरुस्त करणाऱ्या त्या प्रथिनांची चार नावं असतात: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२. एखाद्यापुढे ‘लॉस’, म्हणजे ते प्रथिन गायब, असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, डॉक्टरांशी याच औषधगटाबद्दल बोला. चारही शाबूत असतील तर या फॉरवर्डच्या भरवशावर ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका.

‘ऑपरेशन नको’ हे गुदाशयाच्या त्या ४९ही जणांच्या बाबतीत खरं, आणि ती केवढी मोठी गोष्ट! ओटीपोटाला रेडिएशन नाही, पोटावर कायमची पिशवी नाही. दर तीन आठवड्यांनी एक, अशी नऊ इंजेक्शनं. दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय मात्र पुढेही चालूच.

राहता राहिल्या कंपन्या. औषध जीएसके कंपनीचं, या संशोधनाला पैसे देणाऱ्यांतही तीच. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला एप्रिल २०२१ मध्येच मंजुरी मिळाली होती. बातमी दाबायची ही कुठली तऱ्हा? कंपन्यांशी भांडायचंच तर किमतीवरून भांडा. या गटातली औषधं आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाहीत आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही.