खुलासा: 'सायबेरियन जे' (Siberian jay) हा पक्षी सह्याद्रीत येत नाही

'सायबेरियन जे थंडीत सह्याद्रीत उतरला' असा फोटोसकट मेसेज फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला, माझी चूक झाली. पक्षी खरा आहे, पण तो स्थलांतर करतच नाही. नॉर्वेपासून पूर्व सायबेरियापर्यंतच्या सूचिपर्णी जंगलात तो बारा महिने राहतो. थंडीच्या आधी बेरी, मांसाचे तुकडे चिकट लाळेत घोळवून सालीच्या फटीत, दगडफुलाखाली दडवतो आणि बर्फ पडल्यावर त्या साठ्यावर जगतो. आपल्याकडचा टकाचोर त्याच्याच कावळ्याच्या कुळातला. टकाचोराची शेपटी लांबलचक, टोकाला काळी. या जेची त्यामानाने आखूड, कडेने तांबूस. फोटोत ही आखूड, तांबूस कडेची शेपटीच दिसते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.