घामावर डिओ मारून रिक्षात बसू नका!

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी नाशिकरोडहून शालिमारला शेअर रिक्षाने जा. मागे चौघं कोंबलेले, आणि शेजारच्याने हात वर करून दांडी धरली की त्याची काख थेट आपल्या नाकाशी. त्यात नुसता घामाचा वास नसतो, त्यावर फवारलेला डिओही असतो. दोन्ही मिळून जो भपकारा येतो त्याने डोकं भणभणतं. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा अडकली की उलटीच यायची बाकी राहते.

अरे, घामाला मुळात फारसा वास नसतोच! काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांचा दाटसर घाम त्वचेवरचे जिवाणू खातात आणि त्यातून ही दुर्गंधी तयार होते. मग जिवाणू तिथेच ठेवून वर अत्तर ओतून काय होणार? आधी काख साबणाने चोळून धुवा. दोन तांबे अंगावर ओतले म्हणजे आंघोळ झाली असं नसतं. केस बारीक ठेवा, धुतल्यावर ओल्या काखेवरूनच तुरटीचा खडा फिरवा आणि मग नीट कोरडी करा. हो, तीच तुरटी जी दाढी झाल्यावर न्हावी गालावर फिरवतो. कोणत्याही किराणा दुकानात मिळते, आणि एक खडा महिनोन्‌महिने पुरतो. एवढंही जमत नाही?

आणि तो शर्ट! दाराच्या खिळ्याला टांगलेला, काल घातलेला, आज पुन्हा घातलेला. पॉलिस्टर तर वास धरूनच ठेवतं. धुतल्यावर वाटतं गेला, पण काखेच्या शिवणीवर इस्त्री फिरली की तोच कुबट वास परत उठतो. कपडा उलटा करून धुवा, आधी थोडा वेळ व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, कडक उन्हात वाळवा. नाशकात उन्हाची काय कमी आहे? उन्हाळाभर तरी सुती घाला.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून आठ तास भट्टीपाशी राबून निघालेल्या कामगाराला मी एक शब्द बोलणार नाही. माझा राग त्याला जाड पॉलिस्टरचा युनिफॉर्म देणाऱ्यांवर आहे. दोनच जोड देता, शिफ्ट सुटल्यावर अंग धुवायला जागा देत नाही, आणि वर त्याच्याकडे बघून नाक मुरडता? लाज वाटली पाहिजे.

दुसरा संताप मोबाईलवरच्या वैद्यांचा. काखेत लिंबू चोळा, खायचा सोडा लावा म्हणे! त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी, तिच्यावर रोज सोडा घासला की आग होते, सोलवटते. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात, काळे डाग पडतात. घरगुती आहे म्हणून काहीही फासायचं का? आणि कांदा-लसूण बंद करा हा सल्ला! त्यातल्या गंधकाचा थोडा वास घामात उतरतो, मान्य. पण लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाच्या ताटातला कांदा काढण्याआधी त्याला काख धुवायला सांगा की!

सगळं नीट करूनही वास जात नसेल, किंवा अचानक बदलला असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. काहींना खरोखर आजार असतो, त्यांना टोमणे मारणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. बाकीच्यांनी उद्या घरातून निघताना डिओच्या बाटलीआधी साबणाला हात लावा.