वरून दिवा दिसला, तर चुकलंच

पुण्यातल्या टेकड्यांवर दिवे लावायचे की नाही, हा वाद अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये बसूनही पाठ सोडत नाही. दर काही महिन्यांनी कुणीतरी उपग्रहाचा रात्रीचा नकाशा पाठवतं: 'बघा, पिवळे दिवे काढून एलईडी लावले तर शहर मंदच झालं. मग टेकडीवर चार खांब उभे केले तर बिघडलं कुठे?'

बिघडलं ते नकाशात. उपग्रहावरचं व्हीआयआयआरएस हे उपकरण, ज्यातून हा नकाशा बनतो, ते रात्री साधारण 500 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश टिपतं. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा 589च्या आसपासचा, तो दिसतो. पांढऱ्या एलईडीतला निळा 450च्या जवळचा, तो गायब. नकाशा काळवंडतो आणि डोक्यावरचं आभाळ मात्र उजळतं, कारण हवेत निळाच जास्त विखुरतो. त्यात नकाशाचा एक ठिपका 742 मीटरचा, म्हणजे जवळजवळ 136 एकर. हनुमान टेकडीच्या पायथ्याच्या फर्ग्युसन कॉलेजचं आवार साधारण 65 एकर. अर्ध्या ठिपक्यावरून कॉलेजचा निकाल कसला लावताय?

त्यापेक्षा रात्री हनुमान टेकडी चढावी आणि खाली बघावं. जमिनीवर पडलेला उजेड दिसला तर दिवा बरोबर. दिव्याचा डोळाच दिसला, तर तेवढा उजेड वर वाया चाललाय आणि त्याचंही बिल कुणीतरी भरतंय. दोष बहुधा बसवणाऱ्याचा असतो. मैदानाच्या कडेला बुटका खांब, उजेड मधोमध पोचत नाही, मग फ्लडलाइटची मान वर करतात. करायला हवं उलट: खांब उंच, काच जमिनीला समांतर, आत एकाच बाजूला उजेड टाकणारा परावर्तक, रंग 3000 केल्विनच्या आत, म्हणजे पिवळसर, आणि टायमर. सुरक्षिततेचं म्हणाल, तर डोळ्यात घुसणाऱ्या दिव्याने बाहुली आकसते आणि खांबामागची झाडी आणखी काळी होते. डोळा अंधाराला पुन्हा सरावायला 20-30 मिनिटं लागतात.

इथे टूसॉनमध्ये रस्त्यावरचे दिवे मध्यरात्री क्षमतेच्या 90 टक्क्यांवरून 60वर येतात, कुणी ओरडत नाही. 2019 मध्ये काही रात्री हेच प्रमाण मुद्दाम बदलून उपग्रहावरून मोजलं, तेव्हा मध्यरात्रीनंतर शहराच्या एकूण उजेडात रस्त्यांच्या दिव्यांचा वाटा फक्त 13 टक्क्यांच्या आसपास निघाला. (हो, त्याच उपग्रहावरून. दिवे तेच ठेवून कमीजास्त केले की तुलना चालते. दिव्याची जातच बदलली की नाही.) बाकीचा उजेड पार्किंगचा, पाट्यांचा, मैदानांचा, इमारतींचा. फुटबॉलच्या शनिवारी इथल्या टुमामॉक टेकडीवरून विद्यापीठाचं स्टेडियम कसं दिसतं, हे पुण्याला कळवायची काही गरज नाही.

आणि एवढी चिडचिड निव्वळ नॅनोमीटरसाठी नाही, हेही खरं. टुमामॉकवरून इथलं विद्यापीठ दिव्यांवरून ओळखता येतं. हनुमान टेकडीवरून फर्ग्युसन ओळखायचं ते अंधारावरून: पलीकडे रस्त्याच्या दिव्यांची ओळ, आणि अलीकडे झाडांचं काळं ठिगळ, तेच कॉलेज. पुण्यात उतरणाऱ्या विमानाच्या खिडकीतूनही नजर तेच शोधते. समुद्रापलीकडून अंधार मागणं सोपं असतं; रात्री प्रॅक्टिकल आटोपून चालत जाणाऱ्या मुलीला पायाखालची वाट दिसावी लागते. वसतिगृहाच्या वाटेवर दिवा हवाच, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्याची मान खाली असू द्या.