‘द ग्रेट गॅट्सबी’तील प्रतीके : एका आक्षेपाला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ‘द ग्रेट गॅट्सबी’वरच्या माझ्या लेखात या कादंबरीची नको तितकी भलामण झाली आहे. हिरवा दिवा म्हणजे आशा, राखेचा माळ म्हणजे दारिद्र्य, जाहिरातीतले डोळे म्हणजे देव, अशा पाठ्यपुस्तकी समीकरणांवर ती उभी आहे. नवश्रीमंत गॅट्सबी जिच्या ध्यासाने जगतो ती विवाहित डेझी हे तर पात्रच नव्हे. आणि लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड ज्या श्रीमंतीवर टीका करतो तिच्यावर तो स्वतःच भाळलेला आहे. यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो दोष वाटत नाही. भाळल्यावाचून गॅट्सबीच्या घरच्या त्या मेजवान्या त्याला लिहिताच आल्या नसत्या.

समीकरणांबद्दल मात्र मतभेद आहे. ती कादंबरीने मांडलेली नाहीत, पात्रांनी मांडलेली आहेत, आणि कादंबरी ती एकेक करून मोडीत काढते. पाचव्या प्रकरणात डेझी प्रथमच गॅट्सबीच्या घरी येते, तेव्हा खाडीपलीकडे तुझ्या धक्क्यावर रात्रभर हिरवा दिवा जळत असतो, असे तो तिला सांगतो. ती त्याच्या हातात हात गुंफते, पण तो आपल्याच बोलण्यात हरवलेला असतो. आणि कथा सांगणाऱ्या निकला वाटते, की त्या दिव्याचे अवाढव्य महत्त्व आता कायमचे संपले असावे, तो पुन्हा धक्क्यावरचा एक हिरवा दिवा झाला, गॅट्सबीच्या मंतरलेल्या वस्तूंतली एक वस्तू कमी झाली. प्रतीक विझल्याची नोंद लेखकाने पुस्तकाच्या ऐन मध्यावर करून ठेवली आहे. ‘दिवा म्हणजे आशा’ एवढेच वाचणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते.

जाहिरातीतल्या डोळ्यांचे, म्हणजे डॉक्टर एकलबर्गच्या डोळ्यांचेही तसेच. ते कुणा नेत्रवैद्याने धंदा वाढावा म्हणून उभारलेल्या आणि पुढे विसरल्या गेलेल्या फलकावरचे आहेत. डेझीच्या नवऱ्याची, टॉमची, प्रेयसी मर्टल हिच्या मृत्यूनंतर तिचा नवरा विल्सन त्या फलकाकडे पाहत, देव सगळे पाहतो, असे म्हणतो, तेव्हा शेजारचा खाणावळवाला मायकेलिस त्याला समजावतो, की ती जाहिरात आहे. राखेचा माळ तर कल्पनेतून आलेलाच नाही. न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंग भागात कोळशाच्या राखेचे असे ढीग खरोखरच होते. पुढे त्याच जागी १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले. १९२२ ते १९२४ या काळात फिट्झजेराल्ड लाँग आयलंडवरील ग्रेट नेक येथे राहत होता आणि त्या गावावरूनच त्याने गॅट्सबीचे गाव वेस्ट एग रचले. कादंबरीत या माळाजवळचा पूल होड्यांसाठी उचलला, की आगगाडी थांबते आणि उतारूंना अर्धा अर्धा तास ते दृश्य पाहत बसावे लागते. शहराच्या चुलींतून निघालेली राख शहरात ये-जा करणाऱ्यांच्याच डोळ्यांसमोर पसरलेली असते. हे दारिद्र्याचे रूपक असेल, पण आधी ते एका शहराच्या व्यवहाराचे वर्णन आहे.

आता प्रश्न असा, की या कादंबरीत प्रतीकांची गरज कुणाला भासते? गॅट्सबीला, विल्सनला, आणि निकला. डेझीचा नवरा टॉम ब्यूकॅनन याला ती कधीच भासत नाही. तो लेक फॉरेस्टहून पोलोचे घोडे आणतो, लग्नाच्या आदल्या दिवशी साडेतीन लाख डॉलरांचा मोत्यांचा हार देतो, आणि मर्टलसाठी कुत्रा घेताना विक्रेत्याच्या हातावर पैसे टेकवून, यात आणखी दहा कुत्री घे, असे सुनावतो. त्याच्या लेखी वस्तू ही वस्तूच असते आणि तिला किंमत असते. वडिलोपार्जित श्रीमंती आणि नवी श्रीमंती यांतला फरक फिट्झजेराल्डने टॉमचे ईस्ट एग आणि गॅट्सबीचे वेस्ट एग यांमधल्या पाण्यापेक्षा इथे अधिक नेमका पकडला आहे, असे माझे मत आहे. गॅट्सबीच्या ग्रंथालयातली पुस्तके खरी असतात, पण त्यांची जोडलेली पाने कापलेली नसतात, म्हणजे ती कुणी वाचलेलीच नसतात. श्रीमंत असणे पुरेसे नसून ते दिसलेही पाहिजे, हा ताण टॉमच्या वाट्याला कधी येतच नाही.

डेझीविषयी. तिला आपण ‘पोकळ’ म्हणता, पण आपल्याला ती बव्हंशी गॅट्सबी आणि निक यांच्याच नजरेतून दिसते. प्लाझा हॉटेलच्या खोलीत मात्र, टॉमवर आपले कधीच प्रेम नव्हते, एवढे तिने म्हणावे असा गॅट्सबीचा हट्ट चाललेला असताना, ती त्याला सुनावते, की तू फार मागतोस. आज माझे तुझ्यावर प्रेम आहे, तेवढे पुरेसे नाही का. मागचे मला बदलता येणार नाही. कुणाचे प्रतीक होण्यास ती तिथे नकार देते. ती भित्री आहे आणि पुढे तिने चालवलेल्या गाडीखाली मर्टल मरते ते अक्षम्यच आहे, पण ज्या पात्राला असा नकार देता येतो त्याला पोकळ म्हणणे मला पटत नाही.

आपल्या आक्षेपाला खरा आधार हवा असेल, तर तो आपण उल्लेखही न केलेल्या मायर वुल्फशाइममध्ये, गॅट्सबीच्या जुगारी साथीदारात, मिळेल. १९१९ च्या बेसबॉल विश्वमालिकेतल्या लबाडीशी ज्याचे नाव जोडले गेले त्या अर्नोल्ड रॉथस्टीनवर बेतलेले हे पात्र आहे, आणि लेखक त्याला ज्यू म्हणून, त्याच्या नाकावरून, मानवी दाढांपासून केलेल्या बाहीच्या बटणांवरून रंगवत राहतो. बाकी सगळीकडे प्रतीकाला कुणीतरी हटकते. इथे मात्र, ही तुझी कल्पना आहे, असे निकला सांगणारा कुणी मायकेलिस लेखकाने ठेवलेला नाही.