पोटॅश मोजा, देगलूरचा दगड मोजा

विद्यापीठातल्या किरणोत्सार मापन प्रयोगशाळेवरचा लेख मनापासून आवडला. मी परभणीत भौतिकशास्त्र शिकवतो. आमची मुलं जीएम काउंटरचा, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर-म्युलर नळीचा, आलेख काढतात आणि तिथंच थांबतात. ती नळी कण मोजते, पण ऊर्जा सांगत नाही! त्यासाठी किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात चमकणारा सोडियम आयोडाइडचा स्फटिक हवाच. मग शेतातल्या खताचं मूठभर पोटॅश शिशाच्या आवरणात ठेवून रात्रभर मोजलं, की त्यातल्या पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सारी अणूचं १४६० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचं शिखर आलेखात वर येतं. वेगळा किरणोत्सारी स्रोत मागवावाच लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडचा ग्रॅनाइट आणि आमच्याकडचा काळा बेसाल्टही शेजारी-शेजारी मोजावेत. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम साधारणपणे जास्त असतं. नांदेडच्या त्या ग्रॅनाइट पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यातला रेडॉन, म्हणजे युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, मोजणं हा तर संशोधनाचाच विषय आहे. विद्यापीठानं ही प्रयोगशाळा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना सुट्टीत खुली करावी.