टँकमधली प्रत्येक बुळबुळ ‘लाल शेवाळ’ नसते

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: “टँकमध्ये बुळबुळीत शेवाळ आले म्हणजे पाणी घाण झाले. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा. अर्धे पाणी बदला. तीन दिवस दिवे बंद ठेवा. एरिथ्रोमायसिनची गोळी टाका, मासे-कोरलना काही होत नाही. आठवड्यात टँक चकाचक.”

परवा एका नवख्या मुलाने तो मला पाठवला आणि विचारले, “काका, गोळी आज रात्रीच टाकू का?” त्याला जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो आहे. या पाच-सहा वाक्यांपायी चांगले भरलेले टँक रिकामे झालेले मी पाहिले आहेत. त्यातला एक माझा होता.

पहिला घोटाळा ‘शेवाळ’ या शब्दातच आहे. वाळूवर आणि दगडावर लाल-जांभळ्या सायीसारखा थर धरतो, दुपारी त्यावर बुडबुडे येतात, नळी लावली की अख्खा पापुद्रा निघून येतो. हे शेवाळ नव्हे, हे सायनोबॅक्टेरिया (थोडक्यात सायनो), म्हणजे जिवाणू. शाळेच्या पुस्तकात यांनाच नीलहरित शैवाल म्हटलेले असते आणि भातशेतीत नत्र मिळावे म्हणून जे सोडतात तेही याच कुळातले. आपल्या टँकमध्ये ते लाल दिसतात ते फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे. अरबी समुद्रात पावसाळ्याआधीच्या महिन्यांत गोवा-कोकणासमोर कधी कधी पाण्यावर भुशासारखे पट्टे दिसतात, ती ट्रायकोडेस्मियम यांचीच बहीण.

पण बुळबुळ एवढीच नसते. नव्या टँकमध्ये वाळूवर तपकिरी धूळ बसते, ती डायटम या सूक्ष्म शैवालाची. पाण्यातले सिलिकेट संपले की बहुधा आपोआप जाते, तिच्यासाठी काहीही करू नका. तिसरा प्रकार खरा घातक: तपकिरी, शेंबडासारख्या तारा, टोकाला बुडबुडा अडकलेला, सकाळी कमी आणि संध्याकाळी कोरलवर लोंबणाऱ्या. हे डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, एकपेशी सूक्ष्मजीव. ‘बुळबुळीत शेवाळ’ म्हणून संदेशात तिघांना एकाच पोत्यात घातले आहे. पुढचा सगळा उपाय तिथेच चुकतो.

“नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा.” सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने केले आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. डायनो बहुतेक वेळा पसरतात तेच मुळी हे दोन्ही आकडे शून्यावर गेल्यावर. नायट्रेट-फॉस्फेट हे या सगळ्यांचे अन्न. ते संपले की वाळू-दगडावरचे जिवाणू, डायटम, साधे हिरवे शेवाळ मागे हटते. जागा मोकळी होते आणि उपासमारीत तग धरणारे डायनो ती बळकावतात. सायनोचेही तसेच. त्यांच्यातल्या काही जाती हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन स्वतःच पकडतात. नायट्रेट शून्य केल्याने उपाशी राहतात ते त्यांचे प्रतिस्पर्धी. भाताच्या खाचरात ज्या गुणासाठी आपण त्यांना वाढवतो, तो टँकमध्ये आल्यावर ते विसरतील का?

माझा 200 लिटरचा टँक असाच गेला. तपकिरी तारा दिसल्या. मी खाणे अर्ध्यावर आणले, फॉस्फेट शोषणारे दाणे दुप्पट केले, दर तीन दिवसांनी पाणी बदलले. चाचणीचे दोन्ही आकडे शून्य आले की समाधान वाटायचे. तारा मात्र वाढतच गेल्या. आधी गोगलगायी उलट्या पडू लागल्या, मग झोअँथस (फुलांसारखे दिसणारे, कोरलच्या नात्यातले जीव) मिटले ते उघडलेच नाहीत. मला त्या काळात कोणी एवढेच सांगायला हवे होते: दाणे काढ, माशांना पोटभर घाल, नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास येऊ दे. गरज पडली तर ते मोजून पाण्यात घालावे लागतात. सुक्या दगडाने बांधलेल्या टँकमध्ये दगडच फॉस्फेट ओढून घेतो, म्हणून आकडा टिकायला पहिले काही आठवडे लागतात.

गोगलगायी का मेल्या तेही सांगतो. ऑस्ट्रिऑप्सिस नावाचे डायनो पॅलिटॉक्सिनच्या जातीचे विष तयार करतात. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर त्यांचा बहर आला, तेव्हा नुसत्या समुद्री तुषारांनी ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन सुमारे 200 लोकांना उपचार घ्यावे लागले. घरच्या टँकमध्ये तेवढा धोका नसतो, पण तारा काढताना नळी तोंडाने ओढू नका, हातमोजे घाला आणि फिल्टरमध्ये ताजा सक्रिय (अ‍ॅक्टिव्हेटेड) कोळसा ठेवा.

“अर्धे पाणी बदला.” सायनो असेल तर थर ओढून काढताना थोडे पाणी बदलले जाते, ते चांगलेच. दुपारी बुडबुड्यांनी थर सुटलेला असतो, तेव्हा काढा. डायनो असतील तर नवे पाणी म्हणजे पुन्हा शून्य अन्न, शिवाय मिठातून येणारी ताजी सूक्ष्म द्रव्ये. अनेकांच्या टँकमध्ये प्रत्येक पाणीबदलानंतर तारा जोमाने वाढलेल्या दिसल्या आहेत. आणि पाणी कुठले, ते संदेशात लिहिलेलेच नाही. आपल्याकडे पिण्याच्या आरओ मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो नळाचे थोडे पाणी परत मिसळतो. त्या पाण्यात मीठ कालवले की सिलिकेट-फॉस्फेटही आले. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, टीडीएस मीटरवर 0 दिसल्याशिवाय मीठ घालू नका.

“तीन दिवस दिवे बंद.” कोरल एवढे सोसतात आणि सायनो ढिले पडतात, हे मान्य. पण दगडामागे जिथे प्रवाह पोचत नाही तिथली घाण तशीच राहिली तर दोन आठवड्यांत थर पुन्हा हजर. वेव्हमेकरचे (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे) तोंड फिरवणे आणि ती घाण ओढून काढणे याने माझ्याकडे दोनदा काम झाले आहे, दिवे बंद न करता. ऑस्ट्रिऑप्सिस अंधारात पृष्ठभाग सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून त्यांच्यावर अंधार उपयोगी पडतो, पण टँकचे पाणी थेट यूव्ही (अतिनील) दिव्याच्या नळीतून फिरत असेल तरच. अँफिडिनियम हे दुसऱ्या जातीचे डायनो वाळू सोडतच नाहीत. त्यांना ना अंधाराचे काही, ना यूव्हीचे.

आता गोळी. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जिवाणूंच्या रायबोसोमला (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला) धरते, त्यामुळे सायनोवर चालते, हे नाकारत नाही. डायनो जिवाणू नाहीत, त्यांच्या पेशीत केंद्रक असते. त्यांना काही होत नाही, मरतात ते शेजारचे जिवाणू, म्हणजे डायनोंचे उरलेसुरले प्रतिस्पर्धी. “मासे-कोरलना काही होत नाही” हेही अर्धेच खरे. सायनोचा अख्खा थर एकदम मेला की तो कुजतो, ऑक्सिजन घसरतो, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) फेसाने उतू जातो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसतात ते यामुळे. अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना धक्का बसला तर पुढचे संकट वेगळेच. शिवाय हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. बादलीभर प्रतिजैविक मोरीत ओतायचे आणि मग औषधे लागू पडत नाहीत म्हणून काळजी करायची, हे मला पटत नाही. सगळे करूनही सायनो हटत नसेल, तेव्हा शेवटी याचा विचार करा. तोवर नाही.

तर आधी ओळख. बाटलीत टँकचे पाणी आणि थोडी बुळबुळ घ्या, तारा पूर्ण मोडेपर्यंत हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून काचेच्या पेल्यात गाळा आणि पेला दिव्याखाली ठेवा. तासाभरात गाळलेल्या पाण्यात पुन्हा गुठळ्या-तारा जुळल्या तर डायनो असण्याची शक्यता मोठी. कुठल्याही महाविद्यालयातल्या 400 पटींच्या सूक्ष्मदर्शकाखाली खात्री होते: सायनोचे लांब धागे, डायटमच्या काचेसारख्या डब्या, आणि ऑस्ट्रिऑप्सिस असतील तर तिळासारखे दाणे एका टोकाभोवती गरगर फिरताना.

त्या मुलाने त्याच रात्री पाणी गाळले. दहा वाजता पेल्याचा फोटो आला, तळाशी तपकिरी तारा पुन्हा जुळलेल्या. गोळ्यांची पट्टी त्याने तशीच ठेवून दिली. आता तो माशांना दिवसातून दोनदा खायला घालतो. काल त्याच्या चाचणीत पहिल्यांदा नायट्रेट 3 आले.