समोरच्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकवा: घरगुती कृती

कंपनीतून गाडी जशी येते तशीच चालवणं हे निवृत्त मास्तरांचं काम. तुमच्यासारख्या हौशी माणसाने रविवारी जेवण झालं की पार्किंगमध्ये सतरंजी टाकावी, मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावावा आणि दिव्यांना हात घालावा. सामान फार लागत नाही. एक स्क्रू ड्रायव्हर, काळी टेप, वायर सोलायला स्वतःचे दात आणि समोरून येणाऱ्या माणसाबद्दल संपूर्ण बेफिकिरी.

सुरुवात आतून करा. पायाशी, दारांना, डॅशबोर्डच्या फटीत एलईडीची पट्टी चिकटवा. ६४ रंग, रिमोट, गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकणारी. रात्री पुढच्या काचेत रस्त्याऐवजी तुमचाच जांभळा चेहरा दिसेल. रस्ता काय, रोजचाच आहे. मे महिन्यात पट्टीमागचा गोंद सुटतो आणि ती क्लचपाशी लोंबायला लागते, तेवढी पायाने सरकवत चला.

वायर कुठून ओढायची? हाताला लागेल तिथून. फ्यूज उडाला तर जास्त अँपिअरचा लावा, तोही उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा. फ्यूज हा मुळात भित्र्या माणसांनी काढलेला शोध आहे.

इंडिकेटरला एलईडी लावलात की तो दुप्पट वेगाने फडफडतो, कारण गाडीला वाटतं एक बल्ब गेला. मग गाडीला फसवायला त्याला वीज खाणारा रेझिस्टर जोडा. तो तापून प्लास्टिक वितळतं, पण आतून. बाहेरून दिसत नाही.

मागे नुसता लाल सोडून कुठलाही रंग चालेल. पोलिसांच्या गाडीसारखा लाल-निळा असेल तर उत्तमच. मंत्र्यांचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, ती जागा कुणीतरी भरायला हवी ना!

आता मुख्य पदार्थ, हेडलाइट. जुना एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब काढा. बिचारा डिपरला, म्हणजे खालच्या झोताला, ५५ वॉट, अप्परला ६०, रंग तुपासारखा. त्यात डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून फक्त वरच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर आपटलेला उजेड रस्त्यावर उतरतो आणि समोरच्याच्या तोंडावर जात नाही. तार नेमकी कुठे आहे हे धरूनच त्या रिफ्लेक्टरचा आकार काढलेला असतो. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या बल्बात तारच नाही. दोन बाजूंना पिवळे ठिपके, मागे पंखा, खोक्यावर '२०,००० ल्युमेन' आणि वाघाचं चित्र. पण खटकन बसतो. बसला म्हणजे झालं! उजेड झाडांवर जातो, वटवाघळांना जातो, समोरच्याच्या मेंदूत जातो. रस्त्यावरही थोडा पडत असेल. रंग ८,००० केल्विनचा निळसरच घ्या, म्हणजे पावसात ओल्या डांबरावर काही दिसायचं नाही आणि धुक्यात पुढे भिंत उभी राहील.

मागच्या शनिवारी रात्री आईला घेऊन कऱ्हाडहून चिपळूणला येत होतो. कुंभार्ली घाट, पाऊस, पोफळीच्या थोडं वर. वळणावरून असाच एक हौशी वर आला. मी डिपर मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारल्यावर त्याने मला अप्पर दाखवला. म्हणजे तोवर जे चाललं होतं तो त्याचा डिपर होता! ताशी ४० ने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, आणि मी निदान दोन सेकंद कोऱ्या कागदाकडे बघत होतो. करा हिशोब. डावं चाक डोंगराकडच्या चरात गेलं, टायर फाटला, रिम वाकली. दरी दुसऱ्या बाजूला होती म्हणून हे लिहायला उरलो. मागे वळून पाहिलं तर महाराज वर निघालेले, काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद', आणि त्याभोवती जांभळे दिवे गोल गोल पळतायत. स्टेपनी लावेपर्यंत बहात्तर वर्षांची माझी आई भर पावसात मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती. दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं. पाचवा नट आवळताना म्हणाली, "मला अजून हिरवं हिरवंच दिसतंय रे."

कुणी नियम सांगायला आलं तर खुशाल हसा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १०६ वा म्हणतो की ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिपवेल असा दिवा नको. दीड मीटर. उभी राहिली की साधारण माझ्या आईचे डोळे तिथेच येतात. बाबांच्या फियाटच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका असायचा, समोरच्याला त्रास नको म्हणून. भोळी माणसं होती.

समोरच्यामुळे मला दिसत नाही म्हणून मी पण लावला, हे मला सांगू नकोस. तोही हेच सांगतो, आणि त्याच्या समोर तूच असतोस. कमी दिसतं ना? मग हेडलाइटची काच पिवळी पडलीय ती आधी घासून घे. होल्डरपाशी व्होल्टेज किती पोचतंय ते वायरमनकडून बघून घे. मागे चार माणसं आणि तांदळाची पोती भरलीस की गाडीचं नाक वर होतं आणि उजेडही. तो खाली घ्यायला स्टिअरिंगशेजारी ० ते ३ आकड्यांचं एक चाक दिलंय, ते आयुष्यात एकदा तरी फिरवलंयस का? ते फुकट आहे, त्याला वाघाचं चित्र नाही, म्हणून नाही फिरवलंस. दिव्यांच्या नावाने बाराशे रुपये खर्च केलेस आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाचा जीव त्यात फुकट धरलास. लाज वाटायला हवी.

काढ तो बल्ब. जुना हॅलोजन ग्लोव्ह बॉक्समध्ये फडक्यात गुंडाळून ठेवला असशील, तो परत बसव. आणि बसवताना काचेला बोट लावू नकोस. बोटाचं तेल लागलं की काच तिथेच तापते आणि बल्ब लवकर जातो.